जुन्या फाट्यावरचा माणूस

माझ्या पर्समध्ये दोन फोन असतात. एक माझा. दुसरा बटणांचा, निळा, पाठीमागचं झाकण चिकटपट्टीनं धरून ठेवलेला, तो हरसिंगभाऊंचा. माझा फोन वाजला तर मी सवडीनं बघते. दुसरा वाजला की हातातला घास खाली ठेवून उचलावा लागतो, कारण पलीकडे कुणाचं तरी थ्रेशर बंद पडलेलं असतं आणि सोयाबीनची गंजी उघड्यावर पडलेली असते.

परवाही असंच झालं. ऑफिसात डबा उघडला आणि तो वाजला.

"हरसिंगभाऊ हायेत का जी?"

"नाहीत. तुम्ही सांगा ना, काय झालं?"

"कुठी गेलते का ते? मंग मी मागाहून लावतो फोन."

हरसिंगभाऊंना जाऊन दोन वर्षं झाली, हे मी आता इतक्या जणांना सांगितलं आहे की सांगायचाही कंटाळा आला आहे. सांगितलं की माणूस पाच मिनिटं हळहळतो, तोवर मशीन तिकडे बंदच. म्हणून हल्ली मी सरळ विचारते, "मॉडेल कोणतं? तुरीला चाळणी कोणती लावली?" मग तो माणूसही सरळ कामाला लागतो.

हरसिंगभाऊ राठोड दिग्रसच्या आमच्या कारखान्यात होते. आम्ही शेतीची अवजारं बनवतो, त्यात थ्रेशर मुख्य. भाऊ फिटर म्हणून लागले, मग गावोगावी जाऊन मशीन बसवून देऊ लागले, मग बिघडलेली दुरुस्त करू लागले. मी कॉम्प्युटरवर काम करायला आले तोवर त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. पण जा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. उंच, थोडे वाकलेले, पांढरा सदरा, कानावर पेन्सिल आणि खिशात एक पाना. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांच्या खिशात पाना असे. घरी फोनवर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि पुण्याच्या लोकांशी स्वतः तयार केलेल्या एका हिंदीत.

त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूर जायचा. आजाची एक गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही. वाट बदलली की आजा जुन्या फाट्यावर काटेरी फांदी आडवी टाकायचा आणि नव्या वाटेकडे तोंड करून दगड मांडायचा. मागून येणारा चुकू नये म्हणून. आणि मागून येणारे जास्त असले तर स्वतः थांबायचा.

"रस्ता बदलनं काही पाप नाही, ताई," भाऊ म्हणायचे. "पन जुन्या फाट्यावर मानूस उभा करा लागते."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. कारखाना बसस्टँडजवळच्या जुन्या जागेतून गावाबाहेर गेला तेव्हा मोठ्या शेठनी जुन्या शटरवर नवा पत्ता लिहायला सांगितला आणि विषय संपवला. भाऊंनी तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकली. सगळा हंगाम ते रोज सकाळी बंद शटरसमोर बसत. बसमधून उतरलेला माणूस तुटकी चाळणी घेऊन आला की त्याला पाणी देत, रिक्षात बसवून नव्या जागी पाठवत. शेठ एकदा वैतागले. "अहो, पत्ता लिहिला आहे ना तिथं!" भाऊ म्हणाले, "लिवला आहे जी. पन ज्याच्या खांद्यावर चाळनी आहे तो मान वर करून वाचत नाही." शेठ हसले आणि भाऊ बसून राहिले. नंतर शेठच एक छत्री पाठवून मोकळे झाले.

मग वेबसाइट आली. पहिली वेबसाइट साधीच होती, पण भाऊंच्या आग्रहावरून प्रत्येक मॉडेलचं एक स्वतंत्र पान केलं होतं. कोणत्या पिकाला कोणती चाळणी, पट्टा कसा चढवायचा, कुठला नट सैल झाला की ड्रम आवाज करतो, माल अडकला तर आधी काय बंद करायचं, आणि सगळ्यात खाली ऑफिसचा फोन नंबर. मजकूर सगळा भाऊंचा. ते बोलत आणि मी टाइप करी. "हात आत घालू नये" हे वाक्य त्यांनी प्रत्येक पानावर दोनदा घालायला लावलं. दोनदा कशाला, म्हटलं, तर म्हणाले, "पयल्यांदा वाचते तवा मानूस घाईत रायते."

आणि तेव्हापासून माझ्या मागे गस्त लागली. सकाळी दहाच्या ठोक्याला भाऊ दारात चपला काढत. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायला हरकत नाही, हे मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसत, चष्मा पुसत आणि म्हणत, "चाल ताई, गस्त घालू." मग वेबसाइटवरची प्रत्येक लिंक एकेक करून दाबायची. उघडली की ते मान हलवणार. उघडली नाही की लांब वहीत त्या पानाचा पूर्ण पत्ता पेन्सिलीनं उतरवून घेणार आणि समोर लिहिणार, "मेलं." मी ते दुरुस्त केलं की "जितं." चांगल्या चालत्या पानांचेही पत्ते त्यांनी आधीच उतरवून ठेवले होते. रोज पाऊण तास यात जाई. मला खरं सांगायचं तर त्याचा भयंकर कंटाळा यायचा. ते उठून गेले की मी पंखा वाढवून दोन मिनिटं डोळे मिटून बसे.

त्या पत्त्यांवर भाऊंचा इतका जीव बसला की त्यांनी ते भिंतींवर रंगवून घेतले. आपल्याकडे गावातल्या भिंतीवर बियाणं, सिमेंट, शिकवणी सगळंच रंगवतात, त्यात वेबसाइटचं नाव असतंच. पण भाऊंनी नुसतं नाव नाही, प्रत्येक भिंतीवर त्या त्या भागात चालणाऱ्या मॉडेलच्या पानाचा आख्खा पत्ता रंगवला, तिरप्या रेघेसकट. बोरी अरबला एक, दारव्ह्याकडे काही, पार वणीपर्यंत. पेंटरला मधला टिंब फार बारीक वाटला म्हणून त्यानं पहिल्या दोन भिंतींवर तिथे कापसाचं बोंड काढलं. ते भाऊंनी उभं राहून पुसून घेतलं. शिवाय प्रत्येक मशीनवर जी पत्र्याची पाटी बसते, तिच्यावरही हाच पत्ता. पाटी भाऊ स्वतःच्या हातानं ठोकत. शेवटचा रिबिट बसला की गिऱ्हाइकाला म्हणत, "हे पाटी आहे तवरोक आमी आहो."

जगात दुसऱ्या कुणी वेबसाइटच्या आतल्या पानांचे पत्ते चुन्याच्या भिंतींवर रंगवले असतील असं मला वाटत नाही. ती चूकच होती. फक्त ती चूक आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण भिंत पडत नाही तोवर पत्ता टिकतो अशीच सगळ्यांची समजूत.

मोठे शेठ थकले आणि धाकटे शेठ गादीवर आले. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून नवीन वेबसाइट करवून घेतली. मोठमोठे फोटो, हलणारी चित्रं, लाल रंगाचं नवं थ्रेशर. जुन्या मॉडेलांची पानं गेली. राहिलेल्या पानांचे पत्ते बदलले. ज्या सकाळी ती सुरू झाली त्या सकाळी ऑफिसात पेढे वाटले, आणि दहा वाजता भाऊंनी दारात चपला काढल्या.

त्या दिवशी गस्त घालताना त्यांनी वहीत सगळ्या पत्त्यांपुढे "मेलं" लिहिलं. एकेक करून. मी म्हटलं, भाऊ, सगळ्यांपुढे लिहायची काय गरज, सगळीच गेली आहेत. ते म्हणाले, "एकेकाचं मरन एकेकाचं रायते, ताई." आणि पुढची लिंक दाबायला लावली.

मग ते धाकट्या शेठकडे गेले. मीही मागे उभी होते.

"भाऊ, ती मॉडेलं आपण आता विकतच नाही," शेठ म्हणाले. "पान कशाला ठेवायचं?"

"आपन विकत नाही जी. पन त्या मशीनी अजून चालून राह्यल्या."

"म्हणूनच तर! जुन्याची माहिती देत बसलो तर लोक जुनंच रेटणार. नवीन कोण घेईल?"

"जुन्याले वाऱ्यावर सोडलं तं नवीन कोन घेईन, सांगा."

शेठनी घड्याळात पाहिलं. बोलणं तिथेच संपलं.

तो हंगाम फार शांत गेला. दरवर्षी सोयाबीन काढणीत ऑफिसचा फोन खाली ठेवायला फुरसत नसे. त्या वर्षी तो गप्प. धाकट्या शेठना वाटलं, मशीनं चांगली चालताहेत. भाऊंना तसं वाटलं नाही. ते फोनकडे बघत बसायचे. मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहायचे, सुरू आहे ना म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर वणीकडचे एक ठाकरे नावाचे शेतकरी आले. वणीहून दिग्रस म्हणजे अर्धा दिवस एसटीत जातो. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. भाऊ उठून सामोरे गेले, "या जी, या," म्हणाले, पाणी मागवलं. ठाकरे बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पत्र्याची पाटी काढली आणि भाऊंच्या टेबलावर ठेवली. चारही रिबिट छिन्नीनं तोडलेले होते.

"हे घ्या तुमची पाटी."

भाऊंनी तुटलेल्या रिबिटांवरून बोट फिरवलं.

"आभाय भरून आलतं," ठाकरे म्हणाले. "चाळनी फाटली. नंबर पायजे होता फक्त. पाटीवरचा पत्ता मोबाइलमदी टाकला तं म्हने असं पानच नाही. भिंतीवरचा टाकला तं थेच. गावातले म्हनले, कंपनी बसली, दिग्रसले आता कोनी नाही. मी दुसऱ्याचं मशीन आनलं तवरोक अर्धी गंजी भिजली. यवतमायले कामानं येत होतो तं पाटी संग घेतली, कोनी सापडलं तं वापस द्याले. पुढं येऊन पायलं, तुमी तं आहा बसून! मंग त्या दिवशी कुठी होते?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. पाणी तसंच ठेवून ते गेले. भाऊंनी पाटी उचलली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि खिशात घातली, पान्याच्या शेजारी. 

आता मला माझं सांगितलं पाहिजे. मला ते सांगायचं नव्हतं. या लिखाणात मी कडेला राहीन असं ठरवलं होतं. पण ते टाळून हरसिंगभाऊंचं सांगता येत नाही.

नवी वेबसाइट सुरू होण्याआधी पुण्याच्या कंपनीचा मला मेल आला होता. जुने पत्ते कोणते आणि ते नव्या वेबसाइटवर कुठे वळवायचे, याची यादी पाठवा, असं त्यात सरळ लिहिलं होतं. यादी दिली असती तर जुनी पानंही कुठेतरी ठेवता आली असती. मी तेव्हा नव्या मशीनचे फोटो निवडण्यात बुडालेली होते. एक यादी करायची म्हणजे आणखी एक दिवस. मी उत्तर पाठवलं, अशी यादी नाही. तीन शब्दांचं काम होतं, केलं आणि विसरले.

ठाकरे येऊन गेल्यावर मला ते आठवलं, आणि मग ते डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी कारखाना सुटताना भाऊ पायरीवर बसून चपला घालत होते, तेव्हा मी शेजारी बसून सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला. मग म्हणाले, "ताई, वही तं तुह्या टेबलावरच होती."

एवढंच. खरंच होती. सगळे पत्ते, त्यांच्या पेन्सिलीनं लिहिलेले, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. मला त्या पायरीवर रडू आलं. भाऊ काही समजावायला आले नाहीत, उठूनही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी दारात चपला काढल्या. "चाल ताई, गस्त घालू."

मी आणि भाऊ पुन्हा शेठकडे गेलो. या वेळी मी बोलले. ठाकऱ्यांचं सांगितलं, माझ्या मेलचं सांगितलं. ज्या गावांत आपली जुनी मशीनं जास्त आहेत त्याच गावांतून नव्या मशीनची विचारणा आली नाही, हेही दाखवलं. शेठनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. "ठीक आहे," म्हणाले, "तुटलेलं काही दिसता कामा नये. सगळे जुने पत्ते पहिल्या पानावर वळवा." पुण्याच्या लोकांनी ते तासाभरात केलं.

भाऊंनी स्टुलावर बसून बोरी अरबच्या भिंतीवरचा पत्ता टाइप करायला लावला. लाल रंगाचं नवं थ्रेशर उघडलं, शेजारी हसणारा एक स्वच्छ शेतकरी. दुसरा पत्ता टाकला. तेच थ्रेशर, तोच शेतकरी. तिसरा. चौथा. चाळणीचा नंबर कुठेच नाही.

"हे तं तुटल्याहून खराब झालं," भाऊ म्हणाले. "बोरीचं तिकीट काढलं, अन् यवतमायच्या स्टँडवर उतरवून देल्लं. आधी निदान समजत होतं का रस्ता नाही म्हनून."

"मी परत बोलते शेठशी."

"बोलजो," ते म्हणाले. "पन मी आता थकलो, बापा."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांनी वही मिटली आणि माझ्या टेबलावर ठेवली. जुन्या पानांच्या छापील प्रती होत्या, त्यांचा एक गठ्ठा स्वतःसाठी मागून घेतला, दुसरा ऑफिसात ठेवायला सांगितला. संक्रांतीनंतर ते यायचे थांबले. निरोपसमारंभ झाला नाही. निवृत्तीची तारीखच कुणाला माहीत नव्हती. दहाच्या सुमाराला माझी नजर दाराकडे जायची आणि तिथे चपला नसायच्या.

शेठशी मी बोलले, दोनदा. बघू, म्हणाले. अजून बघताहेत.

भाऊ वारल्यावर मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांचा मुलगा पुसदला शिक्षक आहे. तो म्हणाला, हा फोन सारखा वाजतो, कोण कोण लोक चाळणीचं विचारतात, आता बंदच करून टाकतो नंबर. मी म्हटलं, नका करू, मला द्या. त्यानं विचित्र नजरेनं पाहिलं, पण दिला. मी ऑफिसातला तो दुसरा छापील गठ्ठा घरी आणला, आणि तेव्हापासून माझ्या पर्समध्ये दोन फोन असतात. चांगुलपणा म्हणून नाही. एका मेलला जे खरं उत्तर द्यायचं राहिलं, ते मी हप्त्याहप्त्यानं देते आहे, आणि तेही दमत, कुरकुरत.

हे लोक ऑफिसचा नंबर सोडून भाऊंच्या नंबरवर का फोन करतात, हे मुलाला कळलं नव्हतं. मला माहीत होतं. मी पाहिलं होतं.

भाऊ कारखान्यात यायचे थांबले, त्याच वर्षीचा पावसाळा ओसरत होता. मी दिग्रसहून यवतमाळच्या एसटीत बसले होते. बोरी अरबला बस थांबली, खिडकीतून ती भिंत दिसली. भिंतीसमोर लोखंडी स्टूल होतं आणि स्टुलावर भाऊ. पायात चपला नव्हत्या. त्या स्टुलाखाली जोडीनं काढून ठेवलेल्या. कारखान्याचं नाव त्यांनी तसंच ठेवलं होतं. त्याच्यापुढचा सगळा पत्ता, तिरप्या रेघेपासून शेवटच्या अक्षरापर्यंत, चुन्यानं पुसला होता, आणि त्या ओल्या जागेवर ते निळ्या रंगानं स्वतःचा मोबाइल नंबर काढत होते. आकडे वेडेवाकडे, पण मोठे, बसमधूनही वाचता येतील असे. खाली पिशवीत आणखी एक डबा होता. पुढच्या भिंतींसाठी असावा.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ब्रश एका हातात, डबा दुसऱ्या हातात. त्यांनी मान वाकडी करून फोन खांद्यावर दाबला आणि भिंतीकडे तोंड करूनच बोलू लागले.

"हो जी, मीच हरसिंग. आधी मशीन बंद करा. केली? हात आत घालू नोका. हात आत घालू नोका, सांगतो मी. आता पाटीवरचा नंबर वाचून दाखवा बरं."

कंडक्टरनं घंटी मारली. ते पलीकडच्या माणसाचं ऐकत होते, ब्रशचा रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. बस सुटली तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.